‘पारंपरिक’ म्हणजे नेमकं कुणाचं?



गेल्या ८ मार्चला आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका कार्यक्रमात जात्यावरच्या ओव्या मोठ्या वाद्यवृंदासह सादर झाल्या. कीबोर्ड, व्हायोलिन, ट्रंपेट, ढोलकी आणि मागे मुलींचा कोरस. टाळ्या भरपूर पडल्या. निवेदिकेनं सांगितलं, “गीत पारंपरिक,” आणि पुढे संगीत बसवणाऱ्याचं पूर्ण नाव घेतलं. माझे हात टाळीसाठी उठले नाहीत, कारण मूळ कॅसेट मी ऐकलेली होती.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा-उमरगा भागात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी तिथल्या बायकांच्या ओव्या टेप केल्या होत्या. त्या कॅसेटी आमच्या कपाटात पडून होत्या. वाद्यवृंदाला त्या आम्हीच दिल्या. त्यामुळे दुसऱ्याच्या नावानं बोटं मोडायला मी बसलेली नाही; चूक आमच्याही घरात आहे. कॅसेटवर आमच्याच हातानं गावाचं नाव लिहिलेलं आहे, बाईचं नाही.

कॅसेट ऐकून ओव्या उतरवायचं काम माझ्याकडे होतं. ते वाटतं तेवढं सरळ नसतं. सेल उतरले की टेप मंद चालते, मग रेकॉर्ड झालेला आवाज आज खऱ्यापेक्षा चढा ऐकू येतो. जात्याच्या घरघरीत झील धरणारी दुसरी बाई बुडून जाते. ओवीची लय जात्याच्या फेऱ्याची असते. वैरण घालताना ती थबकते, दम लागला की तुटते. संगीत बसवणाऱ्यानं ती आठ मात्रांत कोंबली. दुसरी बाई काढून टाकली. आणि जिच्यात गाणारणीनं स्वतःचं नाव गुंफलं होतं ती ओवी ‘मीटरमध्ये बसत नाही’ म्हणून कापली. नवऱ्याच्या माराची ओवीही त्याच कात्रीत गेली. राहिलं काय? माहेर, भाऊ आणि पंढरी.

मी जाब विचारला तेव्हा उत्तर मिळालं, “मॅडम, जगभर असंच चालतं. जॅझच्या जुन्या रेकॉर्डी ऐकून लोक नोटेशन काढतात आणि आजच्या मोठ्या बँडसाठी बसवतात.”

ठीक आहे, जॅझचंच बघू. १९२३ साली किंग ऑलिव्हरच्या बँडच्या पहिल्या रेकॉर्डी निघाल्या तेव्हा मायक्रोफोन नव्हता. सगळे वादक एका भोंग्यासमोर वाजवत. मोठ्या ढोलाच्या ठोक्यानं सुई उडेल म्हणून तो दूर ठेवत, नाहीतर वाजवतच नसत. आज त्या रेकॉर्डी उतरवणाऱ्याला हे माहीत असावं लागतं. ऐकू आलं ते कोणतं आणि आपण भरलं ते कोणतं, हे प्रामाणिक माणूस वेगळं सांगतो. त्या बँडमध्ये पियानोवर एक बाई होती, लिल हार्डिन. नोटेशन लिहिता येणारी, स्वतः रचना करणारी. पुढे तिनं लुई आर्मस्ट्राँगशी लग्न केलं, आणि आजही तिची पहिली ओळख ‘लुईची बायको’ अशी करून दिली जाते. १९२७ ची ‘स्ट्रटिन् विथ सम बार्बेक्यू’ ही रचना लुईनं १९३८ साली मोठ्या बँडसह पुन्हा रेकॉर्ड केली. ती मुळात लिलची की लुईची, यावर वाद झाला. गायिका बेसी स्मिथ १९३७ साली वारली. तिच्या रेकॉर्डी विकल्या जात राहिल्या, पण तिच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला १९७० साल उजाडलं. म्हणजे जगभर असं चालतं हे खरं. पण चालतं म्हणून ते बरोबर ठरत नाही.

दुसरं उत्तर आपल्यातल्याच काहीजणी देतात: ओवी एकीची नसतेच, ती सगळ्यांची असते. मग बंदिश कुणाची असते? तीही गुरूकडून, घराण्याकडून येते. तरी ती गाणाऱ्या गवयाचं नाव पत्रिकेवर ठळक छापतात, बिदागीही देतात. मग दळणाऱ्या बाईचीच कला तेवढी सार्वजनिक विहीर कशी? आणि त्यातही ती बाई दलित असेल, मजूर असेल, तर ‘पारंपरिक’ या एका शब्दाखाली तिची जात आणि तिचे कष्ट दोन्ही गाडले जातात.

नाव ठेवणं अशक्य नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या गाणारणीच्या आणि गावाच्या नावासकट. म्हणून परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे आज आपल्याला नावानं माहीत आहेत. कायदाही अगदीच मुका नाही. कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनं सादर करणाऱ्याचा हक्क आला आणि २०१२ च्या दुरुस्तीनं सादरीकरणाला आपलं नाव लावून घेण्याचा हक्क आला. पण कॅसेटवर नावच लिहिलं नसेल तर तो हक्क मागणार कोण?

ती गाणारीण आता हयात नाही. तिच्या लेकीला मी आधी कॅसेट ऐकवली, मग नवं गाणं. ती एवढंच म्हणाली, “ताई, आयनं सवताचं नाव घेतल्याली ववी ह्यात कुठं हाय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माझा विरोध ट्रंपेटला नाही. ओवी मोठ्या वाद्यवृंदावर जरूर वाजावी. पण संघटनांनी एवढं ठरवावं: गाणारणीची किंवा तिच्या घरच्यांची परवानगी घेतल्याशिवाय कॅसेट बाहेर द्यायची नाही, तिचं नाव संगीत बसवणाऱ्याच्या आधी घ्यायचं, काय कापलं, काय घातलं ते सांगायचं, मानधनात तिचा वाटा ठेवायचा, आणि एक प्रत तिच्या घरी पोचवायची.

आपापल्या संस्थेचं कपाट आज उघडा. कॅसेटी बाहेर काढा. ज्यांच्यावर नाव नाही त्या घेऊन त्या गावी जा. गाणारणीला ओळखणाऱ्या बाया अजून आहेत, त्या आहेत तोवर.