समुद्र घरपोच मिळेल

नाशिकला समुद्र नाही, ही गोष्ट नाशिककरांनी फार पूर्वीच मान्य करून टाकलेली आहे. आमच्याकडे गोदावरी आहे. ती ब्रह्मगिरीवर उगम पावते तेव्हा अरबी समुद्र तिच्यापासून सरळ रेषेत जेमतेम ८० किलोमीटरवर असतो. दुसरी एखादी नदी असती तर संध्याकाळच्या आत पोचून मोकळी झाली असती. पण ही त्या समुद्राकडे पाठ फिरवते आणि चांगली १,४६५ किलोमीटरची पायपीट करून बंगालच्या उपसागराला मिळते. आता साक्षात गंगामाईनंच जिथे शेजारच्या समुद्राशी सोयरीक नाकारली, तिथे माझ्यासारख्या पेन्शनरानं गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये समुद्र आणायचं काही कारण नव्हतं. तरी मी आणला. जवळजवळ चारशे लिटर आणला. आणि हा लेख त्यात अकरा दिवस राहिलेल्या एका जिवाच्या वतीनं, रागानं लिहितोय. राग कुणावर, ते ओघात येईलच.

सगळ्या अनर्थांच्या मुळाशी एक भाचा असतो. महाभारतात ते खातं मामाकडे होतं, कलियुगात भाच्याकडे आलं आहे. आमच्याकडे दहा वर्षं गोड्या पाण्याची एक टाकी सुखानं नांदत होती. तिच्यात गप्पी होते, चार एंजल होते आणि तोंडातून बुडबुडे सोडणारा एक प्लास्टिकचा पाणबुड्या होता. भाचा आला, टाकीकडे पाहून हसला आणि म्हणाला, “मामा, आता रिटायर झालात. किती दिवस हे असले मासे पाळणार? रीफ करा, रीफ!” आणि त्यानं मोबाईलवर एक चित्र काढून माझ्या नाकासमोर धरलं.

काय सांगू तुम्हाला! निळ्या अंगावर पिवळ्या रेघा, जशी पैठणीची किनार कुणी सबंध अंगभर विणली आहे. डोळ्यांवर काळा पट्टा. नाव ‘एम्परर एंजलफिश’, म्हणजे देवदूत आणि वर सम्राट! खाली किंमत साडेआठ हजार, आणि त्याखाली लाल अक्षरांत ‘फक्त एक शिल्लक’. सम्राट एकच शिल्लक असायचा, हे मला त्या वेळी अगदी रास्त वाटलं.

“अहो, आपल्याकडे साठ रुपयांचे एंजल आहेत की!” सौ. म्हणाली. मी हसलो. आज सांगतो, त्या दिवशी त्या खोलीत शहाणं माणूस एकच होतं आणि ते हसत नव्हतं.

कारण सगळी मेख तिथेच आहे. साठ रुपयांचा एंजल मूळचा अॅमेझॉन नदीचा खरा, पण तुमच्याआमच्या टाकीत येतो तो चेन्नईच्या कोळत्तूरला नाहीतर कोलकात्याच्या आसपास कुणाच्या तरी हौदात जन्मलेला असतो. त्याच्या पणजोबानंसुद्धा अॅमेझॉन पाहिलेली नसते. गिरगावातली चौथी पिढी विचारलं की गाव गुहागर सांगते, तसं त्याचं अॅमेझॉन. समुद्रातल्या एंजलचं तसं नाही. काही जाती आता हौदात पैदा करू लागले आहेत, पण बाजारात येणारे बहुतेक अजून समुद्रातून धरून आणलेलेच असतात. कुणीतरी बुडी मारून, खडकाच्या कपारीतून, त्याच्या घरातून उचललेले. विक्रीच्या पानावर लांबी होती, स्वभाव होता, पाण्याचं तापमान होतं. ‘पत्ता’ हे सदर तेवढं नव्हतं. म्हणजे माझा पत्ता तीनदा विचारला, त्याचा मात्र एकदाही सांगितला नाही.

मासा मागवायच्या आधी समुद्र तयार करावा लागतो. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे चारशे लिटरला १४ किलो. आणि हे आपलं पोह्यावर भुरभुरवायचं मीठ नव्हे, खास परदेशी मीठ. ज्या माणसाच्या पथ्यात डॉक्टरनं मीठ बंद केलंय त्याच्या घरी १४ किलो मिठाचा डबा आल्यावर काय झालं, ते लिहिण्यासारखं नाही. मग पाण्यात जिवाणू रुजायची वाट पाहायची. माशाच्या घाणीचा अमोनिया होतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात, आणि ही सरकारी फाईल सरकायला महिना-दीड महिना लागतो. मी रोज सकाळी थेंब टाकून त्या पाण्याचा रंग बघत असे. स्वतःची साखर मी तीन महिन्यांतून एकदा तपासतो.

राहता राहिलं प्रवाळ. रीफ म्हटल्यावर ते हवंच. पण आपल्याकडे प्रवाळ १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून आहे, वाघाच्या पंक्तीला. आपल्या समुद्रातलं उचलून घरात ठेवणं हा गुन्हा. तरी एका गृहस्थानं मला रात्री फोन करून “लाइव्ह रॉक हवाय का?” असं इतक्या दबक्या आवाजात विचारलं, की मला रॉकेलच्या काळ्या बाजाराची आठवण झाली. मी नको म्हटलं, भाजलेल्या मातीचे खडक मागवले आणि नाटक कंपनीच्या राजवाड्याइतकं अस्सल रीफ उभं केलं.

फार बरं झालं म्हणा. कारण विक्रीच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘रीफसाठी योग्य, सावधगिरी बाळगून’. मी फोन करून विचारलं, “सावधगिरी म्हणजे काय हो?”

“काही नाही काका, तो कोरल खातो.”

“मग रीफसाठी विकता कशाला?”

“सगळेच नाही खात, काका.”

समुद्रात हा मासा स्पंज खातो, समुद्रातले आणखी मऊ जीव खातो, आणि जमलं तर प्रवाळही कुरतडतो. म्हणजे गुलाबाची नर्सरी राखायला बोकड ठेवायचा, आणि वर सांगायचं, सगळेच बोकड नाही खात!

सम्राट आले ते विमानानं मुंबईला आणि तिथून रात्रीच्या बसनं द्वारका चौकात, पहाटे साडेपाचला. आता ‘जिवंत पोच हमी’ची अट ऐका. खोकं उघडताना अखंड चित्रफीत काढायची, पिशवी न फोडता मासा दाखवायचा आणि दोन तासांत पाठवायची. सौ.नं चित्रफीत काढली. तीत माझं टक्कल अखंड दिसतं. मग थर्मोकोलचं खोकं, त्यात पिशवी, पिशवीत थोडं पाणी आणि बराचसा प्राणवायू, आणि त्यात तळहाताएवढा, काळसर निळा, पांढऱ्या वर्तुळांचा एक जीव. पिवळी रेघ औषधाला नाही!

मी फोनवर ओरडलो, “अहो, दुसराच मासा पाठवलात!”

“तोच आहे काका. लहान आहे. मोठा झाला की होईल तसा.”

ही मात्र थाप नव्हती. ब्लॉख नावाच्या जर्मन पंडितानं १७८७ साली मोठ्याचं बारसं केलं, आणि १८०१ साली पोराची नोंद निकोबारच्या नावानं वेगळीच जात म्हणून झाली. शास्त्रज्ञ फसले तिथे मी कोण? पण पुढचं गणित मी तेव्हा केलं. हा वाढून सोळा इंचांपर्यंत जाणार, नीट सांभाळला तर पंधरा वर्षं सहज जगणार, आणि माझी टाकी साडेचार फुटी. शहाजहानला कैदेत ठेवलं तरी खिडकीतून ताजमहाल दिसत होता. माझ्या सम्राटाला सोफा दिसणार होता.

पिशवीतला प्रवासही कळून घ्या. बंद पाण्यात माशाचीच घाण साचते. त्याच्याच श्वासानं पाणी जरा आंबट होतं म्हणून तो अमोनिया त्या मानानं सौम्य राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो आणि तेच विष जहाल होतं. म्हणजे उघडल्यावर जिवाला चटकन बाहेर काढायला हवं. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, दोन तास थेंब थेंब टाकीचं पाणी पिशवीत सोडा. मी सरकारी नोकरी केलेला माणूस. लेखी आलेलं मी पाळलं.

त्यानं अकरा दिवस काही खाल्लं नाही. कोळंबी बारीक करून घातली, समुद्री शेवाळ्याचे कागद लावले. त्याला हवा होता स्पंज, आणि नाशकात स्पंज मिळतो तो भांडी घासायचा. तो पंपामागे उभा राहायचा आणि कुणी खोलीत आलं की आणखी मागे सरायचा. चौथ्या दिवशी विक्रेता म्हणाला, “सेट व्हायला वेळ लागतो, काका.” सातव्या दिवशी म्हणाला, “हमी तर पोचण्याचीच होती.” खरंच होतं. तो जिवंत पोचला होता. अकराव्या दिवशी सकाळी तळाशी आडवा पडलेला होता. मी त्याला खालच्या जास्वंदीपाशी पुरलं. चौदा किलो मिठाचं खूळ म्हणून महिनाभर टोमणे मारणारी सौ. त्या दिवशी काहीच बोलली नाही. चहा निवून गेला.

मग मी वाचायला लागलो, म्हणजे जे आधी करायचं ते नंतर. फिलिपीन्समध्ये १९६०च्या दशकापासून शोभेचे मासे पकडायला सायनाइडचं पाणी प्रवाळाच्या कपारीत फवारतात. बंदी आहे, तरी चालतं. मासा गुंगतो, हाती लागतो, मागे प्रवाळ मरतं. असा मासा पुढे काही दिवस, कधी काही आठवडे बरा दिसतो आणि मग जातो. माझा तसलाच होता असं मी म्हणत नाही. मी विचारलंच नव्हतं, असं म्हणतो.

आता आमचे शेजारी भाऊसाहेब म्हणतात, “सरकारनं बंदी घालावी.” भाऊसाहेब, घातली होती! मे २०१७ मध्ये केंद्र सरकारनं मत्स्यालयांचे नियम काढले. त्यात १५८ जातींची यादी होती. क्लाउन, बटरफ्लाय, एंजल, सगळे होते. ते पकडायचे नाहीत, विकायचे नाहीत, ठेवायचे नाहीत. व्यापाऱ्यांनी आणि मासे पैदा करून पोट भरणाऱ्यांनी ओरड केली, आणि त्याच वर्षी ते नियम मागे घेतले गेले. ओरड अगदीच खोटी नव्हती. क्लाउनमाशाची पैदास आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनंच करून दाखवली आहे. हौदात जन्मलेला आणि कपारीतून उचललेला एकाच यादीत कसा घालायचा? पण यादी गेली ती दोघांचीही गेली, आणि सगळा मामला गिऱ्हाइकाच्या सद्सद्विवेकबुद्धीवर येऊन पडला. गिऱ्हाईक म्हणजे मी. माझी सद्सद्विवेकबुद्धी ‘फक्त एक शिल्लक’ वाचून विरघळली होती.

भाऊसाहेबांचा दुसरा मुद्दा असा, “तुम्ही बांगडा खाताच की! मग ह्याचं एवढं काय?” खातो. तळून, तिरफळं घालून, दोन्ही प्रकारे खातो. पण बांगडा कुणाच्या तरी पोटाला लागतो. हा अकरा दिवस स्वतः उपाशी राहिला आणि दुसऱ्याच्याही पोटाला लागला नाही. साडेआठ हजारांत मी फक्त एक उपास विकत घेतला.

तिसरा मुद्दा मात्र मला गप्प करतो. समुद्र नसलेल्या गावच्या पोरांनी समुद्र बघायचाच नाही का? मी स्वतः लहानपणी मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचेला नाक लावून उभा राहिलो आहे. १९५१ साली राजेंद्रबाबूंच्या हस्ते उघडलेलं ते मत्स्यालय. कोविडच्या वेळी बंद झालं तेव्हा मला घरचं कुणी गेल्यासारखं वाटलं. पण तिथे एका माशासमोर हजारो पोरं उभी राहत. माझ्या घरी एका माशासमोर मी उभा होतो, तोही मोबाईलवर त्याच्या न खाण्याचे उपाय शोधत.

गेल्या डिसेंबरात नातीला घेऊन मालवणला गेलो. १९८७ साली तिथल्या समुद्राचं अभयारण्य झालं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आडोशाला तोंडाला नळी लावून पाण्यात तोंड खुपसलं. काळ्यापिवळ्या पट्ट्यांचे शंभरएक मासे माझ्या टकलाभोवती फिरून गेले. पंप नाही, मीठ मोजायचं नाही, वीज जायची भीती नाही. आम्हा दोघांचं तिकीट, खाणंपिणं धरून खर्च सम्राटाच्या निम्मासुद्धा झाला नाही. नात वर येऊन म्हणाली, “आजोबा, हे आपल्याला बघून पंपाच्या मागे नाही गेले.”

म्हणून सांगतो. समुद्र घरपोच मिळत नाही. मिळतो तो त्याचा उचललेला तुकडा, आणि तो उचलला जातो आपण बटण दाबतो म्हणूनच. विकणाऱ्याला शिव्या मीही घातल्या, पण त्याच्या दुकानाचं भाडं माझ्यासारखेच भरतात. समुद्री मासा पाळायची हौसच असेल तर पहिला प्रश्न विचारा, “जन्म कुठला?” उत्तराला ‘काका, माल चांगला आहे’ अशी सुरुवात झाली, की फोन ठेवा.

ता. क. साडेचार फुटी टाकी, स्टँड आणि पंपासह विकणे आहे. सध्या तिच्यात सौ.नं लासलगावचे कांदे ठेवले आहेत, ते उतरवून देऊ. गोडं पाणी घालणाऱ्यांनीच चौकशी करावी. मिठाचा उरलेला डबाही आहे, पण तो मी कुणाला देणार नाही.