तासाला लॅपटॉप बंद, संगणक कक्ष मात्र दिवसभर खुला




महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी वर्गात लॅपटॉप आणावा की नाही, हा प्रश्न आता पुण्या-मुंबईपुरता राहिलेला नाही. नागपूरच्या महाज्योती संस्थेमार्फत इतर मागासवर्गीय, भटक्या विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातील मुलांना जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीच्या तयारीसाठी टॅब आणि इंटरनेट मिळते. हीच मुले पुढे गोंदिया, आमगाव, तिरोडा, देवरी इथल्या पदवीच्या वर्गांत येऊन बसतात. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू झाले आणि ऑनलाइन साहित्याचा वापर आणखी वाढला. अशा वेळी वर्गातल्या पडद्याचे काय करायचे, हे प्रत्येक शिक्षकाच्या मर्जीवर सोडून भागणार नाही. माझे मत स्पष्ट आहे. व्याख्यानाच्या तासाला लॅपटॉप, टॅब आणि मोबाइल बंद असावेत, शिक्षकांनी त्यावर काम दिले तरच ते उघडावेत. त्याच वेळी महाविद्यालयाचा संगणक कक्ष कॉलेज सुटेपर्यंत सर्वांना खुला असावा. या दोन गोष्टी सोबतच व्हायला हव्यात. बंदीचा फलक लावायचा आणि संगणक कक्षाला कुलूप ठेवायचे, असे होणार असेल तर माझा त्या बंदीला विरोध आहे.

पहिली गोष्ट पुराव्याची. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत अर्थशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमावर केलेला एक प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ७२६ विद्यार्थी त्यात होते. काही तुकड्यांना लॅपटॉप-टॅबची पूर्ण मोकळीक होती, काहींना बाकावर सपाट ठेवलेला टॅबच वापरता येत होता आणि काहींना कोणतेच उपकरण चालत नव्हते. शेवटच्या परीक्षेत उपकरणे वापरणाऱ्या दोन्ही प्रकारच्या तुकड्या मागे पडल्या. टॅब सपाट ठेवला की शिक्षकाला पडदा दिसतो, त्यामुळे विद्यार्थी भरकटणार नाही, ही अपेक्षाही फोल ठरली. फरक फार मोठा नव्हता, हे मान्य केले पाहिजे. पण तो कुठे दिसला, हे लक्षात घ्या. तिथे शिस्त लष्करी, वर्ग लहान आणि पुढच्या नेमणुकीवर गुणांचा परिणाम होणारा. तिथेही पडदा लक्ष खेचत असेल, तर आपल्याकडच्या भरगच्च वर्गात, मागच्या बाकावर काय होत असेल याचा अंदाज बांधायला वेगळ्या संशोधनाची गरज नाही.

यावर लगेच येणारा आक्षेप असा की, पदवीचा विद्यार्थी अठरा वर्षांचा सज्ञान नागरिक आहे, तो मतदान करतो, त्याने आपले नुकसान करून घेतले तर तो त्याचा प्रश्न. हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. नुकसान खरोखरच त्याच्यापुरते असते तर मी बंदीची बाजू घेतलीच नसती. पण कॅनडातील संशोधकांनी २०१३ मध्ये नेमके हेच तपासले. एका व्याख्यानाला काही विद्यार्थी कागदावर टिपणे काढत होते. त्यांच्यातल्या काहींच्या नजरेसमोर इतरांचे लॅपटॉप होते आणि त्या लॅपटॉपवर व्याख्यानाशी संबंध नसलेली कामे चालू होती. नंतरच्या चाचणीत, समोर असे पडदे नसलेल्यांना सरासरी ७३ टक्के गुण मिळाले आणि पडदे असलेल्यांना ५६ टक्के. या दुसऱ्या गटातल्या मुलांनी स्वतः काहीच चूक केली नव्हती. वही उघडून, पेन हातात घेऊन ती शिकायला बसली होती. या विषयातली मला सर्वात गंभीर वाटणारी गोष्ट हीच आहे. सालेकशाहून किंवा अर्जुनी मोरगावहून सकाळची गाडी पकडून जी मुलगी तासाला येते, तिचे लक्ष पुढच्या बाकावरच्या क्रिकेटच्या स्कोअरमुळे उडत असेल, तर पुढच्या बाकावरच्या स्वातंत्र्याची किंमत ती मोजते आहे. वर्ग ही सामायिक जागा आहे आणि तिथला नियम सर्वांच्या शिकण्याचा विचार करूनच ठरवावा लागतो.

दुसरा आक्षेप टिपणांच्या वेगाचा. कळफलकावर भरभर लिहिता येते, टिपणे हरवत नाहीत, झेरॉक्सचा खर्च वाचतो. हाताने लिहिणाऱ्यांना संकल्पना अधिक चांगल्या समजतात, असे सांगणारा प्रिन्स्टनमधला २०१४ चा अभ्यास या वादात नेहमी पुढे केला जातो. मी त्याचा आधार घेणार नाही, कारण पुढे तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा तितका ठळक फरक आढळला नाही. माझा मुद्दा साधा आहे. रसायनशास्त्राच्या तासाला फळ्यावर बेंझिनचे वलय काढले जाते, अर्थशास्त्राच्या तासाला मागणी-पुरवठ्याचे वक्र, भौतिकशास्त्राच्या तासाला समीकरणांची रांग. कळफलकावर यातले काहीही शिक्षकाच्या गतीने उतरवता येत नाही. कला शाखेत मराठी टिपणे घ्यायची तर देवनागरी टंकलेखनाचा सराव लागतो आणि तो फार थोड्यांना असतो. शिवाय नागपूर विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत उत्तरपत्रिका हातानेच लिहावी लागते. ज्या हाताने वर्षभर लिहिले नाही, तो परीक्षेत अचानक वेग कुठून आणणार?

सर्वात जड आक्षेप रोजगाराचा आहे. आपल्या जिल्ह्यात भातगिरण्या आहेत, तिरोड्याला औष्णिक वीजकेंद्र आहे, तरी पदवीधरांचा मोठा लोंढा नागपूर, रायपूर, पुण्याकडेच जातो. तिथे संगणक न येणाऱ्याला कोण उभे करणार, असे पालक विचारतात आणि त्यांचे बरोबर आहे. पण व्याख्यान ऐकताना समोर लॅपटॉप उघडा असला म्हणून स्प्रेडशीट येत नाही की प्रोग्रॅमिंग येत नाही. ते प्रॅक्टिकलला, चुका करत, कोणीतरी शेजारी उभे राहून दाखवत असताना येते. आणि लॅपटॉप घरून आणा म्हटले की ज्यांच्या घरी तो नाही, त्यांचे काय? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता, शहरी भागात २३.४ टक्के. त्यानंतर परिस्थिती बदलली असेल, पण धान विकून शिकवणाऱ्या घरात लॅपटॉप अजूनही सहज येत नाही. म्हणून मी संगणक कक्षावर एवढा भर देतो. तो कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी उघडून चालणार नाही. देवरीला रेल्वे नाही, गावाकडच्या एसटीच्या फेऱ्या मोजक्या, आणि शेवटची गाडी चुकली तर मुलींना घरी पोहोचणे कठीण. कक्ष दुपारी, दोन तासांच्या मधल्या मोकळ्या वेळात उघडा हवा. तिथे माहीतगार माणूस बसलेला हवा आणि बिघडलेली यंत्रे महिनोन्महिने झाकून ठेवलेली नसावीत.

नियमाला अपवाद असावेत, आणि ते लेखी असावेत. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा हाताने लिहिता येत नाही, अशा विद्यार्थ्यांना उपकरण वापरू देणे ही मेहेरबानी नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार तो त्यांचा हक्क आहे. त्यांना दररोज प्रत्येक शिक्षकापुढे कारण सांगावे लागू नये. शिक्षकांवरही एक जबाबदारी येते. पडदे बंद करायला सांगून जुनी पिवळी टिपणे वाचून दाखवायची असतील, तर विद्यार्थ्यांनी लक्ष तरी कशाकडे द्यायचे? मुलांचे लक्ष मागणाऱ्याने त्या तासाची तयारी करून वर्गात आले पाहिजे.

जिल्ह्यातील सर्व महाविद्यालयांच्या प्राचार्यांना माझी विनंती आहे की, नवे सत्र सुरू होण्यापूर्वी विद्यार्थी प्रतिनिधींना बोलावून हा निर्णय घ्यावा आणि सूचनाफलकावर दोन्ही गोष्टी एकत्र लावाव्यात: तासाच्या वेळचा नियम आणि संगणक कक्षाचे वेळापत्रक. दुसरा कागद तयार नसेल, तर पहिलाही लावू नये.

आपला,
एक वाचक, आमगाव, जि. गोंदिया