पुलाखालचा आकडा

कोकणातल्या एखाद्या खाडीवर नवा पूल मंजूर झाला की त्याच्याविषयी सगळं छापून येतं. लांबी किती, लेन किती, खर्च किती कोटी, किती किलोमीटरचा वळसा वाचणार, भूमिपूजनाला कोण येणार. पुलावरून जाणाऱ्या माणसाला हवी ती आणि नको तीही माहिती मिळते. पुलाखालून जाणाऱ्या माणसाला मात्र एकच आकडा हवा असतो : भरतीच्या वेळी पाण्यापासून पुलाच्या खालच्या बाजूपर्यंत मोकळी जागा किती राहते? हा आकडा मला आजवर कुठल्या बातमीत, कुठल्या कोनशिलेवर किंवा पुलाच्या कुठल्या खांबावर रंगवलेला दिसलेला नाही.

हे आत्ताच लिहायचं कारण रेवस-रेड्डी सागरी महामार्ग. धरमतर, कुंडलिका, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा एकेका खाडीच्या मुखाशी त्यातले पूल येत आहेत. हे पूल व्हायलाच हवेत. फेरीबोटीची वाट बघत धक्क्यावर ताटकळलेल्या कुणालाही विचारा. दवाखान्यात निघालेलं पेशंट पलीकडे न्यायचं असतं तेव्हा खाडी किती रुंद वाटते ते काठावरच्या माणसालाच ठाऊक. पण पूल खाडीच्या तोंडावर असतो आणि नौका नांगरतात त्या आत, वाऱ्यापासून आडोशाला. म्हणजे आतल्या प्रत्येक गावच्या प्रत्येक होडीला रोज त्याच्याखालून जावं लागणार. एकदा गर्डर चढले की ती उंची पुढच्या शंभर वर्षांसाठी ठरली. मग हरकत घेऊन उपयोग नाही.

आमच्या कोकणी मुसलमान घरांत 'मुलगा शिपवर आहे' हे वाक्य नवं नाही. मुरूड, दाभोळ, हर्णै, बाणकोट या पट्ट्यातल्या कितीतरी घरांची चूल जहाजाच्या पगारावर पेटत आली. हाच मुलगा परदेशातल्या बंदरात शिरताना काय करतो? जहाजाचा पाण्यावरचा सगळ्यात उंच बिंदू किती, ज्याला तो 'एअर ड्राफ्ट' म्हणतो, ते काढतो. नकाशावर पुलाशेजारी छापलेली उंची बघतो. त्या दिवसाची भरती बघतो. वजाबाकी करतो. शंका आली तर ओहोटीपर्यंत थांबतो. हीच शिस्त त्याला रोजगार देते. तो सुट्टीवर घरी येतो, चुलत्याच्या ट्रॉलरवर चढतो आणि स्वतःच्या गावच्या खाडीत पुलाखालून जाताना हिशेब काय? वर बघायचं, अंदाज घ्यायचा आणि 'जाईल रे' म्हणायचं.

'जाईल रे' पुरत नाही, कारण पाणी एका जागी राहत नाही. मुंबई महापालिका दर पावसाळ्यात साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीचे दिवस जाहीर करते, ते आकडे आता सगळ्यांच्या ओळखीचे झालेत. पण हे साडेचार मीटर मोजले कुठून? भरतीच्या तक्त्यातला शून्य हा जवळजवळ सगळ्यात खालच्या ओहोटीचा असतो. इंजिनीअरच्या ड्रॉइंगमधला शून्य वेगळा, तो समुद्राच्या सरासरी पातळीचा. मुंबईत या दोन शून्यांत सुमारे अडीच मीटरचा फरक आहे. आता समजा, एखाद्या पुलाची खालची बाजू ड्रॉइंगनुसार १० मीटरवर आहे. साडेचार मीटरच्या भरतीला पाणी सरासरीच्या २ मीटर वर चढलेलं असणार, म्हणजे खाली उरले ८ मीटर. पाणी तक्त्यातल्या अर्ध्या मीटरवर उतरलं की तिथेच १२ मीटर. पूल तोच, दिवसही तोच असू शकतो, आणि फरक ४ मीटरचा. दक्षिणेकडे रत्नागिरीच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक कमी होत जातो, पण हिशेबाची रीत तीच. म्हणून नुसतं 'पूल दहा मीटर उंच आहे' असं कुणी सांगितलं तर त्याला अर्थ नाही. कुठल्या पाण्यापासून दहा, हे सांगितलं तरच तो आकडा कामाचा.

जुन्या तांडेलांना हे शिकवावं लागत नव्हतं. त्यांची भरती चंद्रावर चालायची. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. कोळ्यांनी ते तिथीवर मोजलं, आमच्याकडे चाँदच्या तारखेवर मोजलं, पाणी दोघांचं एकच. (ईद चंद्रदर्शनाची, म्हणजे अमावस्येला लागूनच. तेव्हा ईदच्या दिवशी खाडीला उधाण असणार हे ठरलेलंच.) पाणी कधी किती चढतं हे ज्ञान काठावर आहे. पूल किती उंच आहे हे ज्ञान कचेरीत आहे. वजाबाकीला दोन्ही आकडे लागतात, आणि दुसरा आकडा फाइलीत पडून आहे.

नियम नाहीत असंही नाही. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग ठरवले. त्यांत आपली अंबा नदी आहे, दाभोळ खाडी-वाशिष्ठी आहे, कुंडलिका, राजपुरी, सावित्री, शास्त्री आहे, कल्याण-ठाणे-मुंबईचा उल्हास-वसई खाडीचा मार्ग आहे. अशा जलमार्गावर पूल बांधायचा तर भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाचा ना हरकत दाखला लागतो. २००६ च्या नियमावलीत जलमार्गांचे सात वर्ग आहेत आणि प्रत्येक वर्गाला पुलाखाली किती उंची, खांबांत किती अंतर हे दिलेलं आहे. पहिल्या वर्गाला ४ मीटर, चौथ्याला ८, सातव्याला १०. म्हणजे आकडा कुणीतरी कागदावर लिहिलेला असतो, कुणीतरी तपासलेला असतो. तुमची खाडी कुठल्या वर्गात धरली, हे मात्र त्या खाडीत जन्म काढलेल्या माणसाला कुणी सांगत नाही.

रस्त्यावर असं चालतं का? रेल्वेच्या पुलाखालून ट्रक जाणार असेल तर अलीकडे लोखंडी कमान उभी असते, वर ठळक आकडा असतो. ट्रक ड्रायव्हरला जे मिळतं ते नाखव्याला का नाही?

अमेरिकेत पुलाच्या खांबावर मोजपट्टी रंगवण्याची सोपी पद्धत आहे. आकडे वरून खाली वाढत जातात, पाणी ज्या आकड्याला टेकलं असेल तेवढी त्या क्षणाची मोकळी उंची. भरतीचा तक्ता नको, वजाबाकी नको, शाळा न शिकलेला माणूसही लांबून वाचेल. काही मोठ्या बंदरांत पुलावर सेन्सर बसवून ही उंची सतत प्रसिद्ध केली जाते. नकाशातला आकडा आणि प्रत्यक्षातली उंची जुळत नाही असं कुणाला आढळलं तर कळवायला जागा आहे, आणि दुरुस्ती नाविकांसाठीच्या साप्ताहिक सूचनेत छापली जाते. मला या शेवटच्या गोष्टीचं सगळ्यात अप्रूप वाटतं : सरकारी आकडा चुकलाय असं एखादा होडीवाला सांगू शकतो, आणि सरकार ते नोंदवतं.

आकडा माहीत असला म्हणजे अपघात टळतोच असं नाही. मे २०२५ मध्ये मेक्सिकोच्या नौदलाचं शिडांचं प्रशिक्षण जहाज न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाला धडकलं, डोलकाठ्या मोडल्या, दोन जीव गेले. त्या पुलाची उंची जगजाहीर आहे. जहाज त्याखालून जाणारच नव्हतं, ताबा सुटून ते उलट्या दिशेने पुलाकडे ओढलं गेलं. पण आपल्याकडे अजून आकड्याचीच सोय नाही.

बांगलादेशाचा अनुभव आपल्याला जास्त जवळचा. नद्यांचा देश, तिथेही जलमार्गांचे वर्ग आणि त्यांच्या उंच्या ठरलेल्या. सर्वांत वरच्या वर्गाला १८ मीटरहून जास्त. पद्मा पूल त्या मापाने बांधला. तरी ढाक्याभोवतीच्या नद्यांवर आधीचे कित्येक पूल इतके ठेंगणे आहेत की शहराभोवती गोलाकार जलवाहतूक करायची योजना त्यांच्यापाशी येऊन अडकते. आता ते पूल पाडून पुन्हा बांधायचे तर तो खर्च वेगळाच.

'आता शिडाची गलबतं राहिली कुठे?' असा प्रश्न मला हमखास येतो. शीड गेलं, पण ट्रॉलरवर जाळं ओढायचा सांगाडा आला, वायरलेसचे एरियल आले, दिव्याचा खांब आला. बार्जवर क्रेन आली. शिवाय आज गोवळकोटला मोठी नौका येत नाही म्हणून उद्याही येणार नाही, हे ठरवण्याचा हक्क पुलाच्या कंत्राटाला कुणी दिला? आणि खाडी ओलांडणाऱ्या विजेच्या तारा तर याहून घातक. उच्च दाबाच्या तारेला काठी टेकावीही लागत नाही, नुसती जवळ गेली तरी वीज उडी मारते. त्या तारांची उंची कुठे लिहिली आहे?

विचारलं तर बदल होतो, याचा दाखला मुंबईतच आहे. कोस्टल रोडच्या वरळीच्या पुलात दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर ठेवलं होतं. वरळी कोळीवाड्याच्या मच्छीमारांनी सांगितलं की खवळलेल्या समुद्रात एवढ्यातून होडी काढणं जिवावरचं आहे. बरीच वर्षं कुणी ऐकलं नाही. त्यांनी काम अडवलं, मागणी सोडली नाही आणि २०२२ च्या डिसेंबरात ते अंतर १२० मीटर करायचं ठरलं. त्यांना मागायचं काय हे कळलं कारण आकडा त्यांच्या हातात होता. कोकणातल्या खाड्यांवरचे कोळी, दालदी, भंडारी, खारवी एवढे संघटित नाहीत, मुंबईचे कॅमेरेही तिकडे पोचत नाहीत. त्यांच्या हातात निदान आकडा तरी द्या.

यात मी धर्म आणत नाही, पण एक जुनी गोष्ट नोंदवावीशी वाटते. अकराव्या शतकातल्या अल-मावर्दींनी राज्यकारभारावरच्या ग्रंथात मुहतसिब या अधिकाऱ्याची कामं सांगितली आहेत. बाजारातली मापं तपासणं त्यात आहे, तसंच नावाड्यांना जास्त भार भरू न देणं आणि सोसाट्याच्या वाऱ्यात नौका सोडू न देणं हेही आहे. हजार वर्षांपूर्वी पाण्यावरची सुरक्षितता ही प्रवाशाच्या नशिबाची बाब नव्हती, नेमलेल्या माणसाचं ते काम होतं. आमच्या जलशांत आणि तकरिरींत मुहतसिबचं नाव निघतं ते बहुधा लोकांच्या कपड्यांवर नजर ठेवण्यासाठी. मापं आणि होड्या कुणाला आठवत नाहीत.

तर करायचं काय? वाट बघायची गरज नाही. मोहल्ल्यातला एखादा शिपवरून सुट्टीवर आलेला पोरगा आणि कोळीवाड्यातला एखादा तांडेल एकत्र बसले तर माहिती अधिकाराचा अर्ज तासाभरात होतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. पूल बांधणाऱ्या यंत्रणेला विचारायचं : नौकांसाठी कुठला गाळा ठेवला आहे, त्याची रुंदी किती, खालच्या बाजूची पातळी किती आणि ती कुठल्या शून्यापासून मोजली, सर्वांत मोठ्या भरतीला मोकळी उंची किती उरते, जलमार्ग प्राधिकरणाच्या आणि सागरी मंडळाच्या दाखल्यांची प्रत. आणि खांबावर मोजपट्टी रंगवण्याची तरतूद अंदाजपत्रकात आहे का, हेही. रंगाचे दोन डबे लागतील.