जीवनसत्त्वे : ताटातील आणि बाटलीतील

कर्करोगाचे भय मोठे आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची बाटली हाताशी; त्यामुळे पगाराच्या दिवशी अशी एखादी बाटली घरी नेणारा मध्यमवर्गीय गृहस्थ आज दुर्मिळ राहिलेला नाही. 'गुण आला तर आला, तोटा तर नाही ना!' हा त्यामागील हिशेब. हा हिशेब चुकीचा आहे आणि तो तसा असल्याचे विज्ञानाला फार मोठी किंमत देऊन शिकावे लागले आहे.

गाजर, पालेभाज्या अधिक खाणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण कमी आढळते, ते त्यांतील बीटा-कॅरोटीनमुळे असेल काय, असा प्रश्न १९८१ साली रिचर्ड पीटो, रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात उपस्थित केला. शरीर या द्रव्यापासून 'अ' जीवनसत्त्व तयार करते. प्रश्न रास्त होता. पण त्याचे उत्तर प्रयोगाविना मिळणे शक्य नव्हते.

फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर असा प्रयोग झाला. १९९४ साली निष्कर्ष हाती आले, तेव्हा रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी तर नव्हताच, उलट १८ टक्क्यांनी अधिक होता. अमेरिकेत धूम्रपान करणारे, ते सोडलेले आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या संपर्कात काम केलेले अशा १८,३१४ जणांवरील प्रयोगात बीटा-कॅरोटीनसोबत 'अ' जीवनसत्त्वही दिले गेले. तेथे रोगाचे प्रमाण २८ टक्क्यांनी आणि मृत्यूंचे १७ टक्क्यांनी वाढल्याचे दिसताच जानेवारी १९९६ मध्ये, नियोजित मुदतीच्या २१ महिने आधी, गोळ्या बंद कराव्या लागल्या. 'ई' जीवनसत्त्वाची कथाही निराळी नाही. त्याच्या मोठ्या मात्रेने पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगात १७ टक्के वाढ झाल्याचे २०११ साली जाहीर झाले.

मग मूळ निरीक्षण खोटे होते काय? मुळीच नाही. चुकला तो तर्क. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे त्यांत कार्यकारणभाव असतोच असे नाही, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. भाजी भरपूर खाणारा मनुष्य बहुधा विडी-सिगारेट कमी ओढतो. शिवाय भाजीत एकच द्रव्य नसते. त्यांतील एक वेगळे काढून कितीतरी पटींनी देणे म्हणजे भाजी देणे नव्हे.

याला अपवादही आहे आणि तो बोलका आहे. चीनमधील लिनशियान परगण्यात लोकांचा आहार निकृष्ट होता. तेथे बीटा-कॅरोटीन, 'ई' जीवनसत्त्व आणि सेलेनियम एकत्रितपणे दिल्यावर जठराच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २१ टक्क्यांनी घटल्याचे १९९३ साली दिसून आले. अर्थशास्त्रातील घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत येथे आठवावा. भुकेल्याला पहिली भाकरी अमृत असते. पोट भरलेल्याला दहावी अपाय करते. म्हणूनच डॉक्टरांनी तपासून, कमतरता पाहून दिलेली गोळी अवश्य घ्यावी. भयापोटी घेतलेली मात्र घेऊ नये. कर्करोग टाळण्यासाठी बीटा-कॅरोटीन वा 'ई' जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ नयेत, अशी स्पष्ट शिफारस अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने २०२२ साली केली आहे.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. २०१६-१७ च्या पाहणीनुसार भारतातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपाने तंबाखू सेवन करीत होते, आणि पुरुषांत मुखाचा कर्करोग येथे अग्रस्थानी आहे. खिशात तंबाखूची पुडी आणि फडताळात जीवनसत्त्वांची बाटली, हा विरोधाभास केवळ हास्यास्पद नाही. वरील प्रयोगांनी तो घातक ठरविला आहे. बाटलीला जाहिरातदार असतो, मेथीच्या जुडीला नसतो. म्हणूनच भाजी सामान्यांच्या आवाक्यात ठेवणे हे शासनाचे, आणि पुडी सोडून बाटलीचे पैसे मंडईत खर्च करणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरते.