फळमाशी : पेटीतील आंबा निर्धोक, बाग मात्र असुरक्षित

मुंबई : फळमाशीच्या प्रादुर्भावामुळे युरोपीय संघाने मे २०१४ मध्ये भारतीय आंब्याची आयात थांबविली, जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठली. निर्यातीपूर्वी उष्णजल प्रक्रिया किंवा विकिरण केल्याने पेटीतील फळ निर्धोक होते. अमेरिकेसाठी २००७ पासून लासलगावी विकिरण सुरू झाले. बागेतील माशी मात्र कायम राहते आणि देशांतर्गत बाजारात जाणाऱ्या फळाचे नुकसान बागायतदारच सोसतो.

वंध्य नर तंत्र बागेतच प्रहार करते. प्रयोगशाळेत वाढविलेल्या माशीच्या कोषांवर गॅमा किरणांचा मारा करून नर वंध्य केले जातात. त्यांच्याशी मीलन झालेल्या मादीची अंडी उबत नाहीत. या मार्गाने जपानने १९९३ पर्यंत ओकिनावा परिसरातील बेटांवरून काकडीवर्गीय पिकांवरील फळमाशीचे उच्चाटन केले.

तेथे समुद्राचे कुंपण होते. कोकणात ते नाही. आंब्यावरील माशी पेरू, चिकूसह अनेक फळांवर जगते व शेजारच्या बागेतून परतते. एकट्या बागायतदाराने सोडलेले नर म्हणूनच निष्प्रभ ठरतील. शिवाय वन्य माश्यांची संख्या आधी घटविल्याशिवाय हे तंत्र परवडत नाही. त्यासाठी मिथाइल युजेनॉलचे सापळे उपयुक्त आहेत. परंतु ते वंध्य नरांनाही ओढतात. म्हणून आधी गावपातळीवर सापळे व गळलेल्या फळांची विल्हेवाट, नंतर नर सोडणे, हाच क्रम व्यवहार्य ठरतो. प्रयोगशाळेइतकीच सामूहिक शिस्त येथे निर्णायक आहे.