पोटाची सूज, उपास आणि मोबाइलवरचे वैद्य



भाद्रपद जवळ आला की आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर दोन गोष्टींचा पूर येतो. एक, कोण किती उपास धरणार याची यादी. दुसरी, पोटाच्या तक्रारींवरचे रामबाण उपाय. गेल्या आठवड्यात एकच मजकूर मला पाच जणींनी पाठवला. १५ दिवसांत जठराची सूज कायमची जाते म्हणे. उपाय काय, तर सकाळी उपाशीपोटी आल्याचा रस, त्यात एक चमचा मध आणि लसणाच्या दोन पाकळ्या. पाठवणाऱ्या पाचही जणींच्या घरात बटाटासुद्धा येत नाही! कंदमूळ चालत नाही, मध तर आपण औषधातही घेत नाही, तरी बोटाने पुढे ढकलताना एकीलाही वाचून पाहावंसं वाटलं नाही. जो उपाय पाठवणारी स्वतः करणार नाही, तो तिने दुसरीच्या पोटावर का लादावा?

हे हसण्यावारी नेलं असतं. पण या सुजेतून मी स्वतः गेले आहे, आणि आहाराने पोट किती सुधारतं हेही पाहिलं आहे. आज जे लिहिते आहे ते आहाराच्या विरुद्ध नाही. आहाराचं नाव पुढे करून तपासणी टाळणाऱ्यांच्या आणि धर्माचं नाव पुढे करून पोट जाळून घेणाऱ्यांच्या विरुद्ध आहे.

आधी सूज म्हणजे काय ते सरळ पाहू. जठराच्या आत एक ओलसर अस्तर असतं. अन्न पचवणाऱ्या आम्लापासून ते जठराला वाचवतं. ते अस्तर दुखावलं की जळजळ, मळमळ, दोन घासांत पोट भरणं, वरच्या पोटात कुरतडल्यासारखं दुखणं सुरू होतं. आपण त्याला 'पित्त' म्हणतो आणि मोकळ्या होतो. पण अस्तर कशाने दुखावलं, हा प्रश्न राहतोच. पुष्कळदा कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. पर्थच्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोन डॉक्टरांनी १९८२ साली तो शोधून दाखवला. लोक विश्वास ठेवेनात म्हणून मार्शलने १९८४ मध्ये ते जंतू स्वतः पिऊन स्वतःच्याच जठराला सूज आणून दाखवली! २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. आपल्या देशात हा जंतू निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटात असतो, बहुधा लहानपणीच शिरलेला. सगळ्यांना त्रास होत नाही. पण ज्यांना होतो त्यांच्यात तो वर्षानुवर्षं अस्तर पोखरत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ सालीच त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं आहे.

आता सांगा, हा जंतू धने-जिऱ्याच्या पाण्याने मरेल का? नाही मरत. जळजळ कमी होईल, बरं वाटेल, आणि तो आत तसाच राहील. मी कॉमर्सची पदवीधर. आमच्या भाषेत सांगायचं तर व्याज फेडत राहिलात आणि मुद्दल तशीच ठेवलीत.

दुसरं कारण आपल्या वयाच्या बायकांचं खास. गुडघे! डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या आपण पर्समध्ये बडीशेपेच्या डबीसारख्या बाळगतो. त्या वेदना थांबवतात, पण जठराच्या अस्तराचं संरक्षणही कमी करतात. सकाळी मंदिराच्या पायऱ्या चढायच्या म्हणून उपाशीपोटी गोळी, वरून कडक चहा. आणि संध्याकाळी 'मला पित्ताचा फार त्रास' म्हणून दूध. गार दुधाने घटकाभर बरं वाटतं हे खरं, पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम थोड्या वेळाने उलट जास्त आम्ल सुटायला लावतात. खाण्याच्या सोड्याचंही तेच. ढेकर येते, हलकं वाटतं, आणि त्यातलं सोडियम रक्तदाबाच्या खात्यावर चढतं. ज्येष्ठमधाची कांडी चघळणाऱ्या तायांनाही सांगते: रोज आणि बरेच दिवस घेतलं तर ज्येष्ठमध रक्तदाब वाढवतं आणि शरीरातलं पोटॅशियम उतरवतं. झाडपाल्याचं आहे म्हणून निर्धोक, हा हिशेब कुणी मांडून दिला?

आता धर्माकडे येते, कारण खरं भांडण तिथे आहे.

तपासणीचं नाव काढलं की आपल्याकडे ठरलेली वाक्यं येतात. "आम्ही इंग्रजी औषध घेत नाही." "कॅप्सूलमध्ये जिलेटिन असतं." "रात्रीची गोळी कशी चालेल, माझा रात्रिभोजन त्याग आहे." यातलं पहिलं वाक्य मला मान्य नाही. चार दानांत आहारदानाच्या जोडीला औषधदान आहे. जी गोष्ट दान म्हणून देणं पुण्याचं, ती घेणं पाप कसं? बाकीच्या दोन शंका मात्र खऱ्या आहेत, आणि त्यांना उत्तरंही आहेत. कॅप्सूलचं कवच बहुधा प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं असतं हे बरोबर. मग डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. पॅन्टोप्राझोल गोळीच्या रूपात मिळतं, अमॉक्सिसिलीनच्याही गोळ्या मिळतात, आणि काही कंपन्या वनस्पतिजन्य कवचही वापरतात. फक्त एक करू नका: कॅप्सूल फोडून आतले दाणे चावून किंवा कुटून घेऊ नका. आम्ल कमी करणाऱ्या औषधाच्या दाण्यांवर लेप असतो. तो गेला की जठरातलंच आम्ल औषधाला आधी नासवतं.

वेळेचं म्हणाल तर माझा उपचार १४ दिवसांचा होता, दिवसातून दोनदा. मी डॉक्टरांना सांगितलं, सूर्यास्तानंतर माझ्या तोंडात पाणीही जाणार नाही. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. सकाळची गोळी जेवणाआधी अर्धा तास आणि दुसरी पाच वाजता, साडेपाचच्या जेवणाआधी, असं त्यांनी लिहून दिलं. त्या १४ दिवसांत मी ना उपास धरला, ना एकाशन. नियम मोडला का? माझ्या मते नाही. विचारल्याशिवाय कळत नाही, आणि आपण विचारतच नाही. घरातल्या पुरुषाला साधी शिंक आली तर दवाखाना, आणि आपल्याला काळं शौच झालं तरी 'लोहाच्या गोळीने झालं असेल'.

हे काळं शौच लक्षात ठेवा बरं. डांबरासारखं काळं, चिकट शौच म्हणजे आत रक्त गेलेलं असू शकतं. उलटीत रक्त, कारण नसताना वजन उतरणं, घास गिळताना अडकणं, रक्त कमी होत जाणं, किंवा उतारवयात नव्यानेच सुरू झालेली पोटदुखी, यातलं काही असेल तर दुर्बिणीने तपासणी लागते. घरगुती उपायाची ती वेळ नव्हे. आणि छातीत जळजळ होताना घाम फुटत असेल, दम लागत असेल, जबडा किंवा हात दुखत असेल तर जिरं चावत बसू नका, थेट दवाखाना गाठा. बायकांचा हृदयविकार पुष्कळदा पित्ताचं सोंग घेऊन येतो.

बरं, तपाचं काय? दहा दिवस निर्जळ उपास करणाऱ्या भगिनींबद्दल मला आदर आहे, हे आधीच सांगते. पण सोळाकारण भावनांत तपाचं नाव काय आहे ते आठवा. शक्तितस्तप. शक्ती हा शब्द नावातच बसवून ठेवला आहे. त्यागाचंही तसंच, शक्तितस्त्याग. आचार्यांना माणसाच्या शरीराची चांगली ओळख होती. ज्या जठराचं अस्तर सोललेलं आहे, तिथे उपासातही आम्ल थोडंथोडं सुटतच राहतं आणि ते झेलायला अन्न नसतं. अशा बाईने भर सभेत दहा उपासांचं पच्चखाण घेतलं आणि सहाव्या दिवशी तिला सलाईन लावावं लागलं, तर तपही गेलं आणि पोटही.

सहा बाह्य तपांत अनशन पहिलं आणि अवमौदर्य दुसरं. म्हणजे ऊनोदर, भुकेपेक्षा दोन घास कमी. जठराच्या सुजेवर याच्याइतकं नेमकं पथ्य मला कुठल्या डॉक्टरच्या कागदावरही सापडलं नाही. नंतर रसपरित्याग: तेल, मीठ, साखर यातलं काहीतरी आळीपाळीने सोडणं. पण ऊनोदर करणारीची मिरवणूक निघत नाही, शाल-श्रीफळ मिळत नाही, फोटो लागत नाही. म्हणून ते तप आपल्याला तप वाटतच नाही! आणि उपास सोडताना काय करतो आपण? पारण्याला शिरा, पुऱ्या, श्रीखंड, वर तळलेले पापड. आमच्या आजीच्या वेळी पारणं मुगाच्या कढणाने आणि सुंठ-तुपाच्या गोळीने सुटायचं. ती शाळेत गेली नव्हती.

आहाराने मला काय दिलं तेही सांगते, नाहीतर म्हणाल की ही फक्त ओरडते. जंतू गेल्याची तपासणी उपचार संपल्यावर महिनाभराने झाली. अहवाल चांगला आला, तरी अस्तर पूर्ववत व्हायला आठ महिने लागले, आणि ते काम आहाराने केलं. सकाळचा उपाशीपोटीचा चहा गेला. त्या जागी ज्वारीच्या लाह्या, किंवा मऊ भात आणि चमचाभर तूप. दुपारी दुधी, पडवळ, घोसाळं, दोडका यातली एक भाजी, मुगाचं वरण, भाकरीचा पापुद्रा. तिखट जवळजवळ बंद, लोणचं पूर्ण बंद. ताक त्याच दिवशी लावलेलं, गोडसर, जिऱ्याची पूड घालून, आणि द्विदल सांभाळून. दोन जेवणांच्या मध्ये मूठभर काहीतरी, म्हणजे पोट तासन् तास रिकामं राहत नाही. संध्याकाळचं जेवण सूर्यास्तापूर्वी, आणि पाठ टेकायची ती साडेनवाला. म्हणजे मध्ये चार तास. जेवून लगेच आडवं होऊ नका असं डॉक्टर आज सांगतात; आपल्या घरात ते शेकडो वर्षं पाळलं जातं आहे. पण साडेपाचला ताटभर भजी आणि फरसाण खाऊन 'मी रात्रीचं खात नाही' म्हणणाऱ्यांनी या ओळीवर खूश होऊ नये.

पाणी गाळण्याबद्दलही एक. कापडाने सूक्ष्म जीव वाचतात, कचरा निघतो, पण जंतू त्यातून सहज जातात. उकळणं हवंच. प्रासुक पाणी नुसतं महाराजांसाठी ठेवायचं नसतं.

आणखी एक गोष्ट आपल्यासाठी फार महत्त्वाची: बी-१२. आपण शाकाहारी, त्यामुळे ते आधीच बेताचं. जुन्या सुजेत जठर ते नीट शोषू देत नाही. त्यात आम्ल कमी करणारी गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर आणखी घट. हातापायांना मुंग्या, विसराळूपणा, थकवा याला आपण वय म्हणतो. वय असेलही. पण एकदा रक्त तपासून घ्या. आणि ती गोळी कुणी पाच-सहा वर्षांपूर्वी लिहून दिली होती म्हणून अजून चालू असेल, तर अजून लागते का ते विचारा. मनाने एकदम बंदही करू नका, कारण मग आम्ल दुप्पट जोराने उसळतं आणि वाटतं की गोळीशिवाय जगताच येत नाही.

शेवटी चौक्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. चातुर्मासात महाराजांचा किंवा माताजींचा आहार असतो तेव्हा आपण पहाटे चारला उठतो. महाराजांना पित्त आहे का, दूध चालतं का, दुधीचं पाणी काढायचं का, तूप किती, सगळं आधी विचारून घेतो. आहाराबरोबर औषधही आठवणीने देतो. साधूच्या प्रकृतीची एवढी काळजी करणारी श्रावका जगात दुसरी नसेल. आणि स्वतः? आहार होईपर्यंत पाण्याचा घोटही नाही असा अनेक घरांत रिवाज. साडेदहा-अकराला आहार होतो, मग भांडी, मग पाहुणे, मग बारा वाजता उभ्याउभ्या राहिलेलं खायचं, भराभर. असे चार महिने. ज्या धर्माने पाणी गाळताना डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाचाही विचार केला, त्या धर्मात स्वयंपाक करणाऱ्या बाईचा जीव कुठल्या गणतीत आहे?

यंदा आमच्या बस्तीत चौक्याची पाळी लावायचं काम माझ्याकडे आलं आहे. कोणत्याही बाईला लागोपाठ दोन दिवस पाळी नाही, आणि जिला जठराचा त्रास आहे किंवा सकाळची गोळी आहे तिने आधी खाऊन दुपारच्या स्वाध्यायाच्या तयारीला यायचं, असा कागद मी लिहून लावला आहे. दोघीतिघींनी नाकं मुरडली. कागद अजून भिंतीवर आहे.