उष्टी ताटे कोणी उचलायची?

घट बसले की नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात कामाच्या ठिकाणच्या समारंभांना सुरुवात होते. वडगाव निंबाळकर आणि आसपासच्या गावांतील माणसे साखर कारखान्यात, बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत, पतसंस्थांत, शाळांत कामाला जातात. खंडेनवमीला यंत्रांना झेंडूचे हार पडतात, दसऱ्याला कचेऱ्यांतून सोने वाटले जाते, बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, गव्हाणीत पहिली मोळी पडते आणि बोनसच्या पाठोपाठ दिवाळीचे स्नेहभोजन येते. या आनंदावर नाक मुरडण्याचे कारण नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांनी 1924 मध्ये बोनससाठी संप केला आणि 1965 च्या कायद्याने बोनस हा कामगाराचा हक्क म्हणून पक्का झाला. कष्टकऱ्याच्या घरी गोडधोड शिजते त्यामागे असा इतिहास आहे.

प्रश्न आहे तो पंगत उठल्यानंतरचा. पाचशे माणसांचे जेवण धरले, तर माणशी एक ताटली, दोन द्रोण, एक पेला आणि पाण्याची एक बाटली अशा अडीच हजार वस्तू तासाभरात निकामी होतात. आचाऱ्याच्या हिशेबात टाकाऊ ताटली स्वस्त पडते, कारण तिची पुरती किंमत त्या हिशेबात येतच नाही. ती दुसऱ्या दिवशी पहाटे कंत्राटी सफाई कामगार वाकून वेचतो. जे त्याच्या हातून सुटते ते ओढ्यात, चारीत आणि कालव्यात जाते. कालव्याचे शेपूट इंदापूर तालुक्यात आहे. तिथल्या शेतकऱ्याला पाणी उशिरा आणि अपुरे मिळते, वरच्यांचा कचरा मात्र त्याच्याकडे वाहत येतो. एकाने जेवावे आणि खर्च दुसऱ्याच्या अंगावर टाकावा, या व्यवहाराला अर्थशास्त्रात भारदस्त नावे आहेत. गावाकडे त्याला लबाडी म्हणतात.

कायद्यांची उणीव आहे असे नाही. राज्य शासनाने 23 मार्च 2018 रोजी प्लास्टिक व थर्माकोलच्या ताटल्या-पेल्यांवर बंदीची अधिसूचना काढली. केंद्राची बंदी 1 जुलै 2022 पासून लागू झाली आणि त्याच महिन्यात राज्याने प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी ताटल्याही बंदीत आणल्या. शंभरांहून अधिक लोकांचा कार्यक्रम असेल तर स्थानिक संस्थेला तीन दिवस आधी कळवावे आणि कचरा जागेवरच वेगळा करावा, असे 2016 च्या घनकचरा नियमांनी सांगितले. तरीही चकचकीत द्रोण पंगतीत दिसतात, आणि ‘पर्यावरणपूरक दिवाळी’चा संदेश पुढाऱ्यांच्या छबीसह प्लास्टिकच्याच फ्लेक्सवर झळकतो. तो फ्लेक्स उतरवायलाही पुन्हा सफाई कामगारच येतो.

मग स्टीलची ताटे परत आणावीत, हे उत्तर सोपे वाटते. ते बरोबरही आहे. पण समाजवाद्यांनी ते डोळे झाकून देऊ नये. जुन्या पंगतींचे कौतुक करताना त्या पंगतींत कोण कोठे बसे आणि उष्टे कोणाच्या वाट्याला येई, हे विसरता येत नाही. चहाच्या दुकानात दलितांसाठी वेगळी कपबशी ठेवणारा हाच महाराष्ट्र आहे. टाकाऊ पेल्याने नकळत का होईना, कोणी कोणाचे भांडे विसळायचे हा प्रश्न बाजूला सारला, आणि त्याच्या लोकप्रियतेमागे हेही एक कारण असावे. म्हणून ताटे परत येताना जुनी श्रमविभागणी परत येणार नाही, याची खबरदारी आधी घेतली पाहिजे. कारखान्याने ताटे विकत घेतली आणि ती घासायला त्याच वस्तीतल्या त्याच बायका तुटपुंज्या रोजावर बसविल्या, तर कचरा तेवढा कमी होईल, अन्याय तसाच राहील.

या चळवळीला वाट नवी नाही. राष्ट्र सेवा दलाच्या शिबिराला जाताना ताट, वाटी, पेला घरून न्यायचा आणि जेवणानंतर आपला आपण घासायचा, ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाईचे काम आपल्याला करू द्यावे म्हणून उपोषण आरंभले आणि येरवड्याहून गांधीजींनी त्यांना साथ दिली. काम अमक्या जातीचे, ही समजूतच त्यांना मोडायची होती. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तेव्हा कचरा वेचणाऱ्या बायकांनी आपल्या श्रमाला ओळख आणि किंमत मागितली. आज कोणी कामाच्या ठिकाणच्या स्नेहभोजनाचा पर्यावरणाच्या अंगाने विचार करीत असेल, तर त्याने आरंभ येथून करावा.

पाण्याचा आक्षेप मात्र खरा आहे. कालव्याकाठच्या वडगावात जे परवडते ते बारामतीच्या जिरायत भागात, टँकरची वाट पाहणाऱ्या गावात परवडणार नाही. तेथे पळसाच्या पानांची पत्रावळच शहाणपणाची. ती खताच्या खड्ड्यात मातीला मिळते. सगळीकडे एकच नियम लावण्याचा हट्ट सरकारी परिपत्रकांनी धरावा, कार्यकर्त्यांनी नव्हे. आपट्याचेही तसेच. सोने म्हणून झाडाच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडून दुसऱ्या दिवशी पायदळी तुडविण्यापेक्षा कचेरीच्या आवारात आपट्याचे एक रोप लावलेले बरे.

खरा निर्णय समारंभाच्या दिवशी होत नाही, तो अंदाजपत्रकाच्या वेळी होतो. मंडप, ध्वनिक्षेपक, शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ यांचे आकडे तेथे असतात. भांडी घासण्याची रास्त मजुरी आणि सफाईचा जादा पगार या बाबी नसतात. कामगार संघटनांनी त्या मागाव्यात. पाहुण्यांची मोजणी आधी करून तेवढेच अन्न शिजवावे, आणि पुष्पगुच्छांचे पैसे ताटांच्या खरेदीकडे वळवावेत. एकदा घेतलेली ताटे वर्षानुवर्षे टिकतात, आणि गावच्या लग्नकार्यालाही ती देता येतात.

निमंत्रितांच्या यादीकडेही पाहावे लागेल. ऊसतोडणीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मोळीपूजनाच्या मानकऱ्यांत असा कोयता कितीदा असतो? कंत्राटी सफाई कामगाराला जेवण मिळते ते बहुधा शेवटी, उभ्याने, आणि उरले तर. घटस्थापनेपूर्वी संघटनांच्या सभा होतील, तेव्हा या दोघांना पहिल्या पंगतीत बसविण्याचा ठराव करावा. ताटे घासण्याच्या पाळ्यांची यादीही त्याच सभेत फळ्यावर लावावी आणि तिच्यात पहिले नाव अध्यक्षांचे असावे.